241 दिवस

नऊ वर्षं रोजंदारीवर मशीन चालवणाऱ्या माणसाला एका सकाळी गेटवरूनच परत पाठवलं. पत्र नाही, नोटीस नाही. सुपरवायझर म्हणाला, 'काम आलं की बोलावतो.' तो वाट बघत राहिला. माझ्याकडे, वकिलाकडे, आला तेव्हा 83 दिवस उलटले होते, आणि 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली तक्रार 90 दिवसांत दाखल करावी लागते. 'बोलावतो' या एका शब्दावर किती जणांची मुदत बुडते ते मी इतकी वर्षं बघते आहे. अजूनही तितकाच संताप येतो.

मुदतीत तक्रार दाखल झाली. मग तारखा. कामगार न्यायालयात मध्येच न्यायाधीशांची जागा रिकामी राहिली, मग कंपनीचा वकील बदलला. उलटतपासाला सहावं वर्ष उजाडलं.

सगळा वाद 240 दिवसांचा होता. मागच्या बारा महिन्यांत तेवढे दिवस भरले असतील, तर तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-एफ प्रमाणे काढण्याआधी महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावाच लागायचा. दिवस भरले हे सिद्ध करायचं कामगारानं, आणि मस्टर, म्हणजे हजेरीपट, मात्र कंपनीच्या कपाटात. कंपनीनं तक्ता दाखल केला होता: 203 दिवस. दोनदा दोन-दोन महिन्यांचा ब्रेक दिलेला. असा तक्ता समोर आला की आमच्यातले कितीतरी वकील हात टेकतात, कारण मस्टरची पानं कुणी उलटतच नाही. मी मस्टर आणि पगाराच्या पावत्या हजर करण्याचा अर्ज दिला होता. पावत्यांवर साप्ताहिक सुट्टीचा वेगळा रकाना होता, आणि त्यात पैसे होते.

पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्या या 240 दिवसांत धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयानं अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात 1985 मध्येच सांगितलं आहे. साक्षीला कंपनीचा एचआर अधिकारी होता, तरुण मुलगा. तक्त्यावर त्याची सही होती, पण मस्टर त्यानं बहुधा त्या दिवशीच पहिल्यांदा उघडलं. मी एकेक पावती त्याच्या हातात देत गेले. 'या रविवारचे पैसे दिले?' 'दिले.' असे 34 रविवार. मग 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. टंकलेखक बाईंनी शेवटचं 'हे खरे आहे' टाइप केलं तेव्हा बेरीज 241 झाली होती. एका दिवसानं आम्ही पलीकडे गेलो होतो.

जेवणाच्या सुट्टीत समोरचे वकील तडजोडीचा आकडा घेऊन आले. माझ्या हिशेबाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मी माझ्या अशिलाला सांगितलं, थांबा, केस आपल्या बाजूनं उभी आहे. निकाल आपल्यासारखा लागून ते हायकोर्टात गेले, तरी तिथला निकाल लागेपर्यंत शेवटचा पगार मागता येतो. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मॅडम, अजून किती तारखा?' मला सांगता आलं नाही. 'मुलीचं लग्न आहे,' तो म्हणाला. 'आणि त्या मशीनवर आता हात चालेल का, तेही माहीत नाही.'

पुरसीस, म्हणजे तडजोडीचं कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, मीच लिहायला घेतली. त्यानं एकच गोष्ट मागितली: मी नऊ वर्षं तिथे काम केलं, एवढं त्यात लिहा. दुसरीकडे काम मागायला जायचं तर दाखवायला काहीतरी हवं ना. मी ओळ घातली. समोरच्यांनी ती वाचली आणि म्हणाले, हे राहिलं तर तडजोड नाही, आम्ही काहीच कबूल करत नाही. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, 'जाऊ द्या.'

ओळ मी खोडली, बाजूला आद्याक्षरी केली, त्यानं खाली सही केली. चेक मिळाला, तक्रार निकाली निघाली. अनुभवाचा दाखला तडजोडीबाहेर वेगळा मागता आला असता, हे मला सुचलं ते संध्याकाळी, फाइल बांधताना.