चोडणच्या फेरीवर हिमालयन ४५०

मित्राची नवी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० दोन दिवस फिरवली. ४५२ सीसी इंजिन, ४० पीएस ताकद वगैरे ठीक. मला नडलं ते १९६ किलोंचं धूड. गोव्यात रायबंदरला, चोडण बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीच्या ओल्या रॅम्पवर ८२५ मिलिमीटर उंच सीटवरून माझे चवडे जेमतेम टेकत होते. मागचा पायलट, म्हणजे आमच्याकडचा मोटरसायकल टॅक्सीवाला, ओरडला, "पात्रांव, उतर आणि ढकल!" त्याची पिवळ्या मडगार्डची जुनी गाडी सुर्रकन आत.

चोर्ला घाटात मात्र मजा आली. उखडलेल्या वळणांवर पुढचं २१ इंची चाक असं गेलं, की मागे बसलेल्या बायकोची बडबड एकदाही तुटली नाही.

पण रोज म्हापशाच्या बाजारात? शुक्रवारी, आठवडी बाजाराला, तर नकोच. तिथे माझी स्कूटरच बरी, नारळ पायाशी मावतात.