पगार लिरात, आंघोळ युरोत

इस्तंबूलमध्ये राहून हमामला, म्हणजे इथल्या सार्वजनिक न्हाणीघराला, न गेलेली मी एकटीच, असं ऑफिसात सगळे चिडवायचे. मग दरपत्रक बघितलं आणि त्यांच्यातलं तरी कोण जातंय, असा प्रश्न पडला. दर युरोत! आमचे पगार लिरात आणि आंघोळ युरोत. जुन्या शहरातल्या नावाजलेल्या हमामात एकदा अंग चोळून घ्यायचं, तर आठवड्याच्या बाजाराचे पैसे जातात. तिथे रांगेत तुर्की बोलणारं जवळजवळ कुणी नव्हतं.

हमामने पैसे कमवू नयेत असं माझं म्हणणं नाही. जाआलोलूचा हमाम १७४१ मध्ये पहिल्या महमूद सुलतानाने बांधला, तोच मुळी आयासोफिया या तेव्हाच्या मोठ्या मशिदीतल्या ग्रंथालयाचा खर्च निघावा म्हणून. लोकांनी मळ काढायचा आणि त्यावर पुस्तकं जगायची! पण ते पैसे गावातल्यांच्या खिशाला परवडणारे असणार ना.

बरं, युरो नकोत तर हमामांचं दुसरं काय व्हायचं, तेही बघा. सुलतान सुलेमानची बायको हुर्रेम सुलतान, तिचा हमाम दरबारी वास्तुकार सिनानने १५५६ च्या सुमारास बांधला. बायकांचा आणि पुरुषांचा भाग एकाच रेषेत, पाठीला पाठ लावून. तिथे कित्येक वर्षं गालिचे विकले जात होते. दुरुस्ती होऊन २०११ मध्ये तिथे पुन्हा पाणी वाहायला लागलं. चेंबर्लिताशच्या हमामात तर एकोणिसाव्या शतकातल्या रस्ता रुंदीकरणात एक तुकडाच गेला. बायकांच्या बाजूचा, अर्थात. तेव्हा रुंदीकरणात वाडे फक्त आपणच पाडतो, असं मला कुणी ऐकवू नये.

मला खरं वेड लावलं ते पाण्याने. भिंतीला टेकून संगमरवराची कुंडी असते, वर दोन नळ. तिला खाली भोकच नाही. पाणी काठावरून सांडतं आणि फरशीतल्या पन्हळीतून निघून जातं. कुंडीत उतरायचं नाही, तांब्याच्या वाडग्याने अंगावर घ्यायचं. साचलेल्या पाण्यात बसायची कल्पना आपल्यासारखीच इथेही नकोशी. फरशीखाली पोकळी असते. मागच्या भट्टीची धग तिच्यातून फिरून भिंतीतल्या मातीच्या नळ्यांतून वर जायची, म्हणून पाठ टेकली तरी ऊब लागायची. आता बऱ्याच ठिकाणी गॅसचा बॉयलर आहे.

पाणी यायचं शहराच्या उत्तरेच्या जंगलातून, सिनाननेच बांधलेल्या कमानींच्या कालव्यांवरून. वाटेत दगडी मनोरे. पाणी वर चढून परत खाली उतरायचं, म्हणजे जोर मोडायचा आणि मातीचे नळ फुटायचे नाहीत. मनोरा बघताक्षणी मला माहेरची, औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर), मलिक अंबरने बांधलेली पाण्याची नहर-ए-अंबरी आठवली. त्याची माणसंही हेच करत होती, आणि तिथल्या पाणचक्कीत पाणी पडताना बघत मी लहानाची मोठी झाले. तरी माहेरी नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. इस्तंबूलला तरी कुठे पुरलं? लाकूड आणि पाणी कमी पडायला लागलं, तेव्हा १७६८ मध्ये सुलतान तिसऱ्या मुस्तफाने नवे मोठे हमाम बांधायला बंदीच घातली. हा हुकूम मला फार आवडला. आपल्याकडे स्विमिंग पूलवाल्या टॉवरना असा एखादा मुस्तफा भेटायला हवा.

शेवटी गेले मी, युरो मोजूनच. घुमटातल्या जाड काचांतून ऊन पडत होतं आणि एक धिप्पाड बाई मला खसाखसा घासत होती. आईने फोनवर विचारलं, किती घेतले गं? मी निम्मेच सांगितले. तरी ती म्हणाली, "एवढ्यात बंब आला असता!"