आमची वाटचाल: गडहिंग्लजची लाइन आणि मुंबईतला सर्व्हर

बाबांनी १९९१ साली कोल्हापुरात औषधांची होलसेल एजन्सी काढली, तेव्हा सगळा माल एका एम-८० वर जायचा. पुढे एक टेम्पो आला, मग दुसरा. मी बी. फार्म. करून २०१६ मध्ये धंद्यात आले तेव्हा चार गाड्या आणि सहा लाइनी होत्या. लाइन म्हणजे गाडीची ठरलेली फेरी: गडहिंग्लज लाइन, गगनबावडा लाइन, शिरोळ लाइन. कुठलं मेडिकल आधी घ्यायचं आणि कुठलं नंतर, हे सगळं ड्रायव्हरच्या डोक्यात. आमच्या सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरना आम्ही मामा म्हणतो. मामा रजेवर गेले की गडहिंग्लजची गाडी दोन-दोन तास उशिरा परतायची. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि थर्मोकोलच्या बॉक्समधला बर्फ वितळायचा थांबत नाही.

जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. दुकानाच्या तळमजल्यात पाणी, वीज नाही. पत्त्यांची यादी असलेला कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर कोरडा होता, पण बंद. गाडी कधी पोचेल म्हणून डॉक्टरांचे फोन येत होते आणि मला काही सांगता येत नव्हतं. रस्त्यांचा हिशोब करणारी व्यवस्था हवी आणि ती कोल्हापूरच्या बाहेर हवी, हे त्याच आठवड्यात ठरलं.

तयार सेवा बघितल्या. त्या बहुतेक वापरावर पैसे घेतात, आणि पाण्याखाली गेलेल्या एखाद्या बंधाऱ्यावरचा रस्ता आपल्या हाताने बंद करायची सोय मला त्यांत सापडली नाही. म्हणून ओएसआरएम निवडलं. हे रस्ता शोधून देणारं मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालतं. मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला आणि रात्री दुकान बंद झाल्यावर घरून एसएसएचने, म्हणजे दुसरीकडच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे काम करायच्या सोयीने, त्यात शिरून काम सुरू केलं. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करायची. आधी डॉकर बसवलं; त्यात सॉफ्टवेअर लागणाऱ्या सगळ्या सामानासकट तयार मिळतं. मग जर्मनीतली जिओफाब्रिक ही कंपनी नकाशाच्या फाइली देते, तिथून भारताचा पश्चिम विभाग उतरवला. त्यानंतर एक्स्ट्रॅक्ट (नकाशातून रस्ते काढणं), पार्टिशन (त्यांचे भाग पाडणं), कस्टमाइज (त्या भागांत वेग-वेळेचा हिशोब भरणं) या तीन पायऱ्या आणि शेवटी सेवा चालू करणारी राउटेड ही आज्ञा.

पहिल्याच पायरीला पडद्यावर एकच शब्द आला: किल्ड. सर्व्हरची रॅम होती २ जीबी, ती पुरली नाही आणि लिनक्सने काम मध्येच मारलं. क्लाउडचा, म्हणजे हवा तेवढाच वेळ भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरचा, खरा उपयोग तेव्हा कळला. मोठा सर्व्हर काही तासांपुरता घेतला, फाइली तयार करून छोट्यावर आणल्या आणि मोठा सोडून दिला.

दुकानांची ठिकाणं गोळा करायला तीन आठवडे लागले. ड्रायव्हर प्रत्येक मेडिकलसमोर उभे राहून लोकेशन पाठवत होते. त्यात आधी अक्षांश येतो, नंतर रेखांश. ओएसआरएमला ते उलटे लागतात. मी तसेच भरले आणि नकाशावर बघते तर कोल्हापूरची सगळी दुकानं नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात! आपलं शहर साधारण १६.७ अंश उत्तर, ७४.२ अंश पूर्व. अदलाबदल झाली की थेट आर्क्टिक.

ते दुरुस्त झालं आणि गडहिंग्लजचा मार्ग आला. मी प्रिंट मामांच्या हातात दिली. त्यांनी ती नीट वाचली आणि विचारलं, "ताई, हे निपाणीला का जात नाही?" मामा हायवेने कागल, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर करून गडहिंग्लजला जातात. प्रिंटवरचा रस्ता आतल्या गावांतून वळत होता. रात्री नकाशा उघडला तेव्हा कारण दिसलं. निपाणी आणि संकेश्वर कर्नाटकात, म्हणजे दक्षिण विभागाच्या फाइलीत. माझा नकाशा कागलच्या पुढे हद्दीशी संपत होता. दोन्ही विभाग ऑस्मियम या नकाशाच्या फाइली जोडणाऱ्या-कापणाऱ्या साधनाने जोडले आणि जिल्हा व भोवतीचा पट्टा तेवढा कापून घेतला. फाइल इतकी लहान झाली की पुढचं सगळं छोट्या सर्व्हरवर भागलं.

वेळेचा प्रश्न मात्र राहिला. ओएसआरएमच्या कारसाठीच्या ठरीव फाइलीत प्रायमरी (मोठ्या) रस्त्याला ताशी ६५ किलोमीटर आणि सेकंडरीला (त्याखालच्या) ५५ धरलेत. गाळप हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्यांमागे आमचा भरलेला टेम्पो एवढा कुठे पळणार? मामांना शेजारी बसवून रस्त्यागणिक आकडे खाली आणले. आता आमच्याकडे दोन फाइली आहेत, एक हंगामाची आणि एक बाकीच्या दिवसांची. माझ्या मते सगळ्या खटाटोपात हेच काम सगळ्यांत मोलाचं झालं. ओपनस्ट्रीटमॅपवाल्यांनी रस्ता काढून ठेवलाय, पण त्या रस्त्यावर डिसेंबरात काय असतं हे मामांनाच ठाऊक.

पावसाळ्याची सोय वेगळी केली. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे पंचगंगेवरचे बंधारे पाण्याखाली गेले की त्यांवरची वाहतूक थांबते, नकाशात मात्र रस्ता चालूच दिसतो. ओएसआरएमला वेगांची एक साधी यादी देता येते. ओळीत रस्त्याच्या तुकड्याच्या दोन टोकांचे क्रमांक आणि वेग लिहायचा. वेग शून्य लिहिला की तो तुकडा बंद. जायची एक ओळ, यायची दुसरी. मग सगळा नकाशा पुन्हा तयार करावा लागत नाही, फक्त कस्टमाइजची पायरी परत चालवून सेवा नव्याने चालू केली की झालं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सकाळी पाचला मी पातळी बघते, यादीतल्या ओळी चालू-बंद करते, आणि सहाला गाड्या भरेपर्यंत सहाही लाइनींचे कागद निघालेले असतात.

गेल्या आठवड्यात मामांनी चहा पिताना वहीचं एक पान पुढे सरकवलं. गगनबावडा लाइनवर बालिंग्याच्या पुढे पाणी आधी कुठे चढतं, त्या पाच जागा त्यांनी लिहून आणल्या होत्या. त्यातल्या तीन यादीत घातल्यात. उरलेल्या दोन त्यांच्यासोबत जाऊन बघायच्या आहेत.