पालखीला केळी, भाडेकरूला नकार

रविवार, रात्री

पालख्या आज हडपसरवरून पुढे गेल्या. माउलींची दिवे घाटाकडे, तुकोबांची लोणी काळभोरला. पहाटेपासून उभी होते, पाय भरून आलेत, पण लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही. शुक्रवारच्या मीटिंगचा राग अजून उतरलेला नाही.

आमच्या सोसायटीतला एक फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. मालक बंगळुरूला असतात. एजंटामार्फत त्यांनी एका जोडप्याशी बोलून ठेवलं होतं. नवरा डायलिसिस टेक्निशियन, बायको शाळेत गणित शिकवते, पदरात चार वर्षांची मुलगी. डिपॉझिट ठरलं, टोकन दिलं, ॲग्रीमेंटचा मसुदा तयार झाला. मग आधार कार्डांचे फोटो कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले, नावं वाचली गेली, ती मुसलमानी निघाली आणि तासाभरात तातडीची बैठक लागली.

पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, सेक्रेटरींच्या मांडीवर इतिवृत्ताचं रजिस्टर. विषय दोनच. पालखीच्या दिवशीचं अन्नदान आणि 'फ्लॅटबाबत चर्चा'. पहिल्या विषयाला पाऊण तास गेला. केळी किती डझन, राजगिऱ्याचे लाडू की चिक्की, पाय चेपायला तेल कुठलं आणायचं, बायाबापड्यांसाठी तळमजल्यावरचं कोणाचं बाथरूम उघडं ठेवायचं. सगळे इतक्या प्रेमाने बोलत होते की मलाही बरं वाटत होतं. दुसरा विषय दहा मिनिटांत उरकला.

"माणसं चांगलीच असतील हो, आमचं काहीच म्हणणं नाही. पण पायंडा पडतो."

"दुपारी बायका एकट्या असतात घरात."

"नॉनव्हेजचा वास येतो." हे ज्यांनी म्हटलं त्यांच्याकडे दर रविवारी मटण शिजतं, त्याचा वास माझ्या दारापर्यंत येतो. तसं मी तोंडावर बोलले. तर म्हणे, "आपलं वेगळं, त्यांचं वेगळं." कसं वेगळं, विचारलं. कोणी बोललं नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. आपण धार्मिक माणसं आहोत, आपण कोणाचा द्वेष करत नाही. पण व्यवहार बघावा लागतो."

रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, "सदर विषयावर चर्चा झाली." ना कारण, ना ठराव, ना कोणाचं नाव. मालकांना फोन गेला आणि त्यांनी टोकन परत केलं.

आणि आज सकाळी हेच अध्यक्ष रस्त्याच्या कडेला सतरंजीवर बसून परभणीकडच्या एका म्हातारीचे पाय धूत होते. टाचांच्या भेगांत चिखल वाळून बसला होता. त्यांनी कोमट पाणी ओतत तो बोटांनी हलक्या हाताने काढला, पंच्याने पाय टिपले, तेल चोळलं. म्हातारीने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मी शेजारीच उभी होते. ते पाणी खोटं नव्हतं. मागे एक दिंडी थांबली होती आणि चोखोबांचा उसाचा अभंग चालला होता, वरून वाकड्या दिसणाऱ्या उसाचा रस वाकडा नसतो, तो. अध्यक्षांना सगळा पाठ आहे. ते पाय चोळता चोळता म्हणत होते.

ढोंगी म्हणून सोडून देता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. पण हा माणूस ढोंग करत नव्हता. त्याची भक्तीही मनापासूनची आणि नकारही मनापासूनचा. दोन्हींची गाठ त्याच्या मनात कधी पडतच नाही.

सोमवार

दिवसभर चोखोबा डोक्यात.

१३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर वेठीला धरलेली माणसं भिंत कोसळून गाडली गेली, त्यांत चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. दाराबाहेर, कारण महार म्हणून जिवंतपणीही त्यांना तिथपर्यंतच येऊ देत होते. पुढे सहाशे वर्षं वारी चालू राहिली. येणारा प्रत्येक वारकरी त्या समाधीवर डोकं टेकवत होता, मग आत जात होता, आणि चोखोबांची लेकरंबाळं त्याच समाधीपाशी थांबत होती. सहाशे वर्षांत ते अभंग किती लाख तोंडांनी गायले असतील! दार अभंगांनी उघडलं नाही. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसले, दहा दिवस पोटात अन्न नाही, तेव्हा उघडलं. त्याआधी काही महिने ते सबंध महाराष्ट्र पिंजून काढत होते, गावोगाव मंदिरं आणि विहिरी खुल्या करा म्हणून सांगत होते.

माझे आजोबा माळकरी. एकादशी चुकली नाही कधी, दारी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. उपोषणाच्या वेळी ते गुरुजींच्या विरुद्ध बाजूला होते. आईनेच मला हे सांगितलं, मी कॉलेजात असताना, आणि सांगताना तिचा आवाज खाली गेला होता. आजोबा म्हणायचे म्हणे, देवाला सगळे सारखेच, पण रीत ती रीत. शुक्रवारी पार्किंगमध्ये मी तेच वाक्य ऐकलं. फक्त 'रीत'च्या जागी 'व्यवहार' आला होता.

मीटिंगमध्ये एकाने हमीद दलवाईंचं नाव घेतलं, तेही लिहून ठेवते. "त्यांच्यात दलवाई का निपजत नाहीत पुन्हा?" १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान बायकांना घेऊन दलवाई मुंबईत कौन्सिल हॉलवर गेले, तोंडी तलाकाच्या विरोधात. १९७० साली इथे पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. स्वतःच्या समाजातल्या कर्मठांचा रोष जन्मभर सोसला. मौलवींची बायकांवरची दादागिरी मलाही असह्य होते, तिथे मी दलवाईंच्या बाजूची आहे. पण दलवाई आज हयात असते आणि हा फ्लॅट बघायला आले असते, तर आधार कार्डावर 'हमीद' वाचून आमच्या कमिटीने त्यांनाही वाटेला लावलं असतं. मी हे बोलले. तर म्हणाले, विषय भलतीकडे नेऊ नका.

मंगळवार

वर्तमानपत्रात पुढाऱ्यांचे फोटो. गळ्यात टाळ, डोक्यावर टोपी, कोणी फुगडी घालतोय, कोणी पखवाजावर थाप मारतोय. आषाढीला मुख्यमंत्री पहाटे सपत्नीक महापूजा करतील, रांगेत पहिला असलेल्या वारकरी जोडप्याला सोबत घेतील, सगळ्या जनतेच्या सुखासाठी साकडं घालतील. चांगलं आहे. पण ही जनता कुठली, असा प्रश्न मला यंदा पडतो.

२०२५च्या फेब्रुवारीत पाथर्डी तालुक्यात मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान विक्रेत्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव केला. मढी म्हणजे भटक्यांची पंढरी. गाढवांचा बाजार भरतो तिथे, राज्यभरातून पालं घेऊन भटक्या जमाती येतात, ज्यांना गावात कोणी उभं करत नव्हतं त्यांना कानिफनाथांनी जवळ केलं म्हणून येतात. त्या जागी हा ठराव! प्रशासनाने तो बेकायदेशीर ठरवून रद्द केला, तेवढं तरी झालं. महिनाभरात राज्याच्या एका मंत्र्यांनी फक्त हिंदू विक्रेत्यांच्या मटणाच्या दुकानांसाठी प्रमाणपत्र काढलं. नाव दिलं 'मल्हार'. जेजुरीतूनच त्या नावाला हरकत आली. ज्या खंडोबाला मुसलमान भक्त मल्लूखान म्हणत आले, त्याचं नाव माणसं वेगळी काढायला वापरलं. मंत्रिपदाची शपथ घेतलेला माणूस हे करतो आणि कोणाला लाज वाटत नाही, तेव्हा आमच्या पार्किंगमधल्या दहा माणसांना बळ कुठून येतं हे शोधायला लांब जावं लागत नाही.

देवाच्या नावाने घाबरवणं हाही धंदाच झालाय. जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळी वर्षानुवर्षं वारकऱ्यांना सांगत होते की तुमची वारी बंद पडणार. २० ऑगस्ट २०१३ला ओंकारेश्वराच्या पुलावर, त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव आहे, अस्पृश्यता निवारणात ज्यांनी हाडं झिजवली त्यांचं. डिसेंबरात कायदा झाला. यात्रा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना हा कायदा लागू नाही असं त्या कायद्यातच लिहिलंय. वारी परवाच दारावरून गेली, सगळ्यांनी पाहिली. घाबरवणाऱ्यांनी कधी कोणाची क्षमा मागितली नाही.

संध्याकाळी त्या डायलिसिस टेक्निशियन मुलाचा फोन आला. हो, मुलगाच म्हणायचा, माझ्या लेकाच्या वयाचा. टोकन मिळाल्याचं सांगायला आणि आभार मानायला. कसले आभार? "काकू, तुम्ही बोललात असं एजंट म्हणाला. वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला सवय आहे." मग थोडं थांबून म्हणाला, "माझं गाव वेळापूर. माउलींचा मुक्काम असतो आमच्याकडे. लहानपणी आम्ही पोरं दिंड्यांच्या टँकरपाशी रात्रभर कळशा भरायचो."

फोन ठेवल्यावर फार वेळ काही सुचलं नाही. हे त्याला सांगावं का लागलं? मी तर काही विचारलं नव्हतं. घर मागताना माझ्या मुलाला कधी कोणाला सांगावं लागलं नाही की तो कोणाच्या देवाला पाणी घालत होता. आणि समजा हा वेळापूरचा नसता, वारी कशाशी खातात हे त्याला ठाऊक नसतं, माउलींबद्दल मनात काडीचं प्रेम नसतं, तरी? भाडं वेळेवर देणारं, शेजाऱ्याला त्रास न देणारं कुटुंब, एवढी ओळख पुरायला हवी. तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा अनगडशहांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे अभंग-आरती होते, हे आम्ही पाहुण्यांना किती कौतुकाने सांगतो. दर्ग्यापाशी पालखी थांबलेली चालते. जिवंत माणूस जिन्यात भेटलेला चालत नाही.

आता ते मुसलमान वस्तीच्या कोंढव्यात घर बघतायत. तिथून त्याचं रुग्णालय लांब पडतं आणि पहिल्या पाळीला सहाच्या आत मशीनपाशी उभं राहावं लागतं. काही वर्षांनी इथलेच लोक म्हणतील, 'ते एकत्रच राहतात बघा, मिसळत नाहीत.'

गुरुवार

भाच्याशी बोलले, तो वकिली करतो. संविधानाच्या १५व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते ही नावं आहेत. चवदार तळ्याचा १९२७चा सत्याग्रह ज्यांनी केला, त्यांनीच तो मसुदा घडवला, म्हणून पाणवठे आठवणीने आले असावेत. भाड्याचं घर त्या यादीत नाही. शिवाय २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सदस्यत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा उपविधी मान्य केला होता. कोर्टाची वाट सोपी नाही. पण आमच्या उपविधीत असं एक अक्षर नाही. उलट आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देताना सदस्याला संस्थेची परवानगीच लागत नाही, नुसतं कळवायचं असतं. मग शुक्रवारी ते दहा जण कोणत्या अधिकाराने बसले होते?

सेक्रेटरींना पत्र दिलं. हरकत कशाला होती ते लेखी द्या आणि माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा. त्यांनी पत्र हातात घेतलं नाही. "लेखी कशाला, मॅडम? विषय संपला ना आता." पोच घेतल्याशिवाय मी हलले नाही. शेवटी सही केली, तारीख घालताना त्यांचा हात रेंगाळत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पत्रावर माझ्याबरोबर सही केली आहे. नवऱ्याला विचारून सांगते असं म्हणाल्या नाहीत, चष्मा शोधला आणि केली. बाकी तिघांनी, "तुमचं पटतं, पण आमचं नाव नको," म्हणून दार लावलं.

मालकांनाही फोन केला. ते म्हणाले, "ताई, मला मान्य आहे हो सगळं. पण मी तिथे राहत नाही. पाणी, पार्किंग, लिफ्ट, रोज त्या पोरीलाच टोमणे ऐकावे लागतील." त्यांना काय उत्तर द्यावं कळलं नाही, कारण टोमणे बसणार हे खरंच आहे.

सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. तिच्या विषयपत्रिकेसाठी आजच अर्ज लिहून ठेवला. "भाडेकरूचा धर्म अथवा जात पाहून कोणत्याही सदस्यावर दबाव आणला जाणार नाही, असा ठराव मांडणे व त्यावर हात वर करून मतदान घेणे." हात वर करून, हे शब्द वहिनींनी घालायला लावले.