चिंगी पाटावर बसली!

आज अकराव्या दिवशी बसली. स्वतःहून.

ही मांजर शेल्टरमधून सांभाळायला आणली तेव्हा तिच्या कागदावर लिहिलेलं, ‘चावते. दोनदा परत आली.’ मालवणच्या आमच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने ओट्यावरचा बांगडा पळवला. सोडवायला गेले तर माझ्याच अंगठ्यात दात. आईने पेपरची गुंडाळी उचलली, ती मी काढून घेतली. मार खाऊन मांजर चोरी सोडत नाही, फक्त माणसाला घाबरायला लागतं.

मग क्लिकर, म्हणजे जमलं त्या क्षणी टक् वाजवायची डबी. विकतचा कुठला, खटक्याचं जुनं बॉलपेन! आधी दोन दिवस नुसतं टक्, आणि लगेच उकडलेल्या बिनमिठाच्या बांगड्याचा वाटाण्याएवढा तुकडा. डॉल्फिनना शिट्टीवर शिकवतात, तेच तंत्र. मग पाट मांडला. एक पाय टेकला, टक्. दोन पाय, टक्. एकदा मला उशीर झाला, ती उतरताना टक् वाजलं, आणि बाईसाहेब संध्याकाळभर उतरायचाच सराव करत बसल्या. चूक माझी. धडा दोन-तीन मिनिटांचाच, पुढे लक्ष उडतं. तिला हाताशी खेळवणं घरात सगळ्यांना बंद, त्यासाठी काठीला सुतळी बांधलीय.

आज आई आदाळ्यावर, म्हणजे विळीवर, सौंदाळे कापत होती. चिंगी आली, माशांकडे बघितलं, शेपटीचं टोक हललं... आणि वळून पाटावर जाऊन बसली. पेन हाताशी नव्हतं, मी तोंडानेच टक् केलं.

आई म्हणाली, “आता तुझ्या बापाशीक बसव पाटार.”