मध्यस्थीच्या खोलीत दादा आणि मी

वडिलांच्या नावावर सहा एकर बागायत, त्यांनी स्वतः घेतलेली. वारस तिघं: आई, दादा आणि मी. ते गेल्यावर सातबाऱ्यावर माझं नाव लागायला दादानं हरकत घेतली आणि मी वाटपाचा दावा लावला. (मालमत्तेच्या वादात बाईला महाराष्ट्रात कोर्ट फी माफ असते, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.) कैफियती, म्हणजे दाव्याला लेखी उत्तरं, दाखल झाल्या, आणि न्यायाधीशांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं.

मी वैतागले. भावकीची बैठक आधीच होऊन गेली होती आणि तिचा अनुभव ताजा होता. ओसरीवर माणसं दाटीनं बसलेली, चहा फिरतोय, प्रत्येकाला मत. दादा म्हणाला, "लग्नात काय कमी केलं होतं तुला?" चार माना हलल्या. मग मीही आवाज चढवला. आम्ही एकमेकांशी बोलतच नव्हतो, बसलेल्यांना पटवत होतो. आता हेच पुन्हा कोर्टाच्या आवारात करायचं, असं मला वाटलं.

मध्यस्थ होत्या एक वकील मॅडम, मध्यस्थीचं प्रशिक्षण घेतलेल्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "मी निकाल देणार नाही. इथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही. नाही जमलं तर मी न्यायाधीशांना फक्त 'तडजोड झाली नाही' एवढंच कळवणार. आणि कुणालाही कधीही उठून जाता येईल." मग दादाबरोबर आलेल्या मामांना आणि माझ्या यजमानांना त्यांनी बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. माझ्या मते अर्धं काम तिथंच झालं. बघायला कुणी नाही म्हटल्यावर दादाचा ताठा उतरला, आणि खरं सांगायचं तर माझाही.

तरी राग होताच. "शांत राहा" हा सल्ला मला सगळ्यांनी दिला होता आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो स्वतंत्र बैठकीचा. मॅडम दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटतात, आणि आपण परवानगी दिल्याशिवाय तिथलं बोलणं पलीकडे जात नाही. मी तिथं रडले, वहिनीबद्दल नको नको ते बोलले. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "यातलं दादांना काय सांगू?" मी म्हटलं, काहीच नको. खरंच काही सांगितलं नाही. पुढे समोरासमोर बसल्यावर डोकं तापायला लागलं की मी सरळ म्हणायचे, मला जरा वेगळं बोलायचंय. त्यात कमीपणा नसतो.

मी कागदावर लिहून नेलं होतं: 'दादानं मला फसवलं.' मॅडमनी त्याच्या खाली लिहिलं: 'नाव कसं लागेल? आईचं पुढे काय? पाइपलाइनचा खर्च कुणाचा?' भांडण तेच, पण या प्रश्नांना उत्तरं असू शकत होती.

पाइपलाइनवरूनच एकदा दादानं पावत्यांची फाइल टेबलावर आपटली. सोसायटीचं कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर होतं. मॅडमनी त्याची समजूत घातली नाही. म्हणाल्या, "एकेक पावती वाचून दाखवा." पहिली त्यानं ओरडूनच वाचली. पाइप, मोटर, चरखुदाई, मजुरी... तिसऱ्या-चौथ्या पावतीला आवाज नेहमीसारखा झाला. आकडे वाचताना फार वेळ ओरडता येत नाही. आणि तो खर्च मला पहिल्यांदाच नीट कळला.

वकिलांबद्दल एक सांगते. माझे वकील खोलीत जवळजवळ गप्प होते, फक्त मसुद्याच्या वेळी बोलले. असेच हवेत. आणि जिथं मारहाण झालीय, समोरच्याची भीती वाटते, तिथं एका टेबलाशी बसायचा आग्रह कुणाचाही ऐकू नये. मॅडमना एकटीनं गाठून तसं सांगावं. तडजोड नाकारली तरी दावा होता तिथून पुढे चालतो.

आमचं ठरलं ते असं: रस्त्याकडेची एक एकर मला, माझ्या उरलेल्या हिश्शाचे पैसे पाइपलाइनचा खर्च वजा करून दोन हप्त्यांत, आईचा हिस्सा आईच्याच नावावर. तडजोडीची पुरसीस, म्हणजे काय ठरलं ते कळवणारा लेखी कागद, कोर्टात दाखल झाली आणि त्याप्रमाणे हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा आदेश, झाला. अशा हुकूमनाम्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी मी मसुदा घरी नेऊन वाचला. हप्ता चुकला तर किती व्याज, हे त्यात नव्हतं, घालून घेतलं. दादाला ते लागलं. "विश्वास नाही का?" म्हणाला. मी म्हटलं, विश्वास आहे, पण कारखान्याच्या बिलावर नाही. तो हसला.

दुसरा हप्ता खरंच उशिरा आला. ऊसबिल लांबलं होतं. वहिनीला फोन लावायला हात शिवशिवत होते, पण बोलायचं काय? व्याज लिहिलेलं होतंच. बिल जमा झाल्यावर दादानं हप्ता भरला, व्याजासकट.