शंभरच्या आसपासची थरथर: टायर निर्दोष सुटला, बेल्ट सापडला, पुली उघडली

मागच्या नोंदीत मागचं चाक पुन्हा बॅलन्स झालं होतं, तिन्ही टायरांची हवा थंड असताना मोजली होती, ॲक्सलचा नट टॉर्क रेंचने तपासून झाला होता. थरथरीत काडीचाही फरक नाही. ताशी ९५ ते १०५ किमीच्या दरम्यान सीटखाली आणि बेल्टच्या बाजूच्या फूटपेगमध्ये तीच बारीक झिणझिण. ९० ला काही नाही, ११५ ला काही नाही. मधेच गाडी अंगावर शहारा आल्यासारखी थरथरते आणि मग पुन्हा शहाणी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी तीनचाकी, पुढे दोन चाकं, मागे एक, मागचा टायर मोटारीसारखा सपाट आणि मागच्या चाकाला दातेरी बेल्ट. बेल्ट मोटरसायकलला नवा नाही. हार्ले-डेव्हिडसनने १९८० च्या स्टर्जिसवर तो दिला होता आणि तीनचाकींमध्ये कॅन-ॲमची स्पायडर, पोलारिसची स्लिंगशॉट बेल्टवरच चालतात. वंगण नको, चेनसारखी खडखड नाही. पण बेल्ट वजनाला हलका असतो आणि चांगलाच ताणून बसवलेला असतो. दोन पुलींच्या (पुढची गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, मागची चाकावर) मधला मोकळा भाग म्हणजे तंबोऱ्याची तारच: खुंटी पिळली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. हे ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

आधी कोण नाही ते

हॅन्डल शांत आहे, त्यामुळे पुढची दोन चाकं आणि त्यांची अलाइनमेंट यादीतून बाहेर. वेग १०० वर ठेवून गिअर एक खाली घेतला. इंजिनचे फेरे वाढले, थरथर होती तिथेच राहिली. म्हणजे ती इंजिनच्या मागे जात नाही, रस्त्यावरच्या वेगाच्या मागे जाते. उरले टायर, चाक, चाकाची बेअरिंगं, दोन्ही पुली आणि बेल्ट.

खरी मजा क्लचच्या चाचणीत आहे. तुमच्याकडे क्लचवाली गाडी असेल तर हे आधी करा, पाना हातात घेण्याच्याही आधी. रस्ता मोकळा बघून १०० ला, ऐन थरथरीत, क्लच दाबायचा आणि गाडी नुसती घरंगळू द्यायची. चाक फिरतंय, बेल्ट फिरतोय, दोन्ही पुली फिरतायत, वेगही तोच. बदललं काय? बेल्टवरचा ओढा तेवढा गेला. माझ्या गाडीत त्याच क्षणी थरथर गायब झाली आणि क्लच सोडून थ्रॉटल दिल्यावर परत आली. टायर अंडाकृती असता किंवा चाक बॅलन्समध्ये नसतं, तर त्याला क्लच दाबलाय की सोडलाय याच्याशी देणंघेणं नसतं. थरथर चालूच राहिली असती.

दुसरी खूण मला आधीपासून चक्रावत होती. समोरून वारा असला की थरथर ९५ लाच सुरू व्हायची आणि लांब उतारावर ११० च्या जवळ जायची. चाकाच्या दोषाची जागा वाऱ्याने हलत नाही. याचं उत्तर पुढे येतंच.

आकडे

खडूने टायरवर खूण केली, स्वतः सीटवर बसून गाडी एक पूर्ण फेरा पुढे ढकलवून घेतली आणि जमिनीवरचं अंतर मोजलं: १.८५ मीटर. टायरवर छापलेल्या मापावरून काढलेला परीघ यापेक्षा थोडा जास्त येतो, कारण वजनाने टायर दबतो, म्हणून मोजलेलंच घ्या. १०० किमी वेग म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, भागिले १.८५, म्हणजे चाकाचे सेकंदाला १५ फेरे. १५ हर्ट्झ.

दात मोजले. मागची पुली ८०, पुढची २८, बेल्ट १६०. म्हणजे १०० च्या वेगाला पुढची पुली सेकंदाला ४३ वेळा फिरते, पूर्ण बेल्ट सेकंदाला साडेसात वेळा फेरी मारतो आणि दात सेकंदाला १२०० वेळा पुलीत बसतात. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण ही चार गणितं कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेल्टला एखाद्या जागी गाठ किंवा तुटका दात असेल तर साडेसातला धक्का बसेल, टायर असेल तर १५ ला, पुढची पुली असेल तर ४३ ला. दातांचा १२०० चा आवाज कानाला शिट्टीसारखा येतो, फूटपेगला नाही.

फोन फूटपेगच्या ब्रॅकेटला घट्ट पट्टीने बांधला, कंपनमापक ॲप लावलं आणि मग गाडी काढली. चालवताना त्याच्याकडे बघायचं नाही, नोंद नंतर उघडायची. एक गोष्ट आधी तपासा: ॲप सेकंदाला किती वेळा नोंद घेतं ते. १०० वेळा घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं काही खरं दिसणार नाही. माझं ४०० वेळा घेतं. आलेखात १५ ला एक छोटा उंचवटा आणि ४३ ला सुळका.

म्हणजे धक्का पुढच्या पुलीकडून. पण पुली ९० लाही फिरते आणि ११५ लाही, मग कंप १०० लाच का? तर बेल्टचा स्वतःचा सूर तिथे जुळतो म्हणून, असा माझा अंदाज. तपासायला गाडी उभी करून, इंजिन बंद, खालचा मोकळा भाग मधोमध बोटाने छेडला आणि दुसऱ्या फोनच्या ॲपमध्ये सूर पाहिला. ६४ हर्ट्झ. ४३ नाही.

इथे घोडं बरंच अडलं.

ढिली बाजू

उत्तर क्लचच्या चाचणीतच होतं. उभ्या गाडीत बेल्टच्या वरच्या आणि खालच्या भागात ताण सारखाच असतो. माझ्या गेजवर तो १०५० न्यूटन आला. चालत्या गाडीत पुढची पुली वरचा भाग ओढते. वरचा भाग घट्ट होतो आणि जेवढा तो घट्ट होतो, साधारण तेवढाच खालचा सैल पडतो.

किती? १०० च्या वेगाला माझ्या गाडीला हवा कापायला आणि टायर लोळवायला तेरा-चौदा किलोवॅट लागत असतील असं धरलं. तीनचाकीचं पुढचं अंग रुंद असतं, दुचाकीच्या मानाने ती वारा जास्त खाते. बेल्टचा वेग त्या वेळी सेकंदाला १३.२ मीटर असतो. भागाकार केला की दोन बाजूंमधला फरक हजार न्यूटनच्या आसपास येतो. म्हणजे वर १५५० च्या आसपास, खाली जेमतेम ५५०.

तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. जुना बेल्ट काट्यावर ठेवला, ३५० ग्रॅम भरला. लांबी १.७६ मीटर, म्हणजे मीटरला २०० ग्रॅम. मोकळा भाग ५७ सेंटिमीटर. १०५० न्यूटनला सूर येतो ६४ हर्ट्झच्या जवळ, म्हणजे बोटाने छेडल्यावर आला तोच. ५५० न्यूटनला येतो ४६. शिवाय धावत्या बेल्टचा सूर उभ्या बेल्टपेक्षा थोडा उतरतो. माझ्या वेगाला सहा-सात टक्के. राहिले ४३.

कागदावर हे बघितल्यावर वाऱ्याचं कोडंही सुटलं. समोरून वारा आला की गाडीला ओढायला जास्त जोर लागतो, खालची बाजू आणखी सैल पडते, सूर खाली येतो आणि पुली त्या सुराला कमी वेगातच गाठते. उतारावर उलट. क्लच दाबला की दोन्ही बाजू ६४ च्या जवळ परत जातात आणि पुलीचा ४३ चा धक्का कोणालाच लागू पडत नाही. वेग वाढतो तसे पुलीचे फेरे चढतात, तर ढिल्या बाजूचा सूर वाऱ्याच्या ओझ्याने उतरत जातो. एक रेघ चढती, एक उतरती, म्हणून त्या झटकन एकमेकींना छेदून पुढे जातात आणि थरथरीचा टप्पा एवढा अरुंद राहतो.

डोळ्यांनीही बघून घेतलं. छोटा कॅमेरा स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली होणाऱ्या दांड्याखाली) बांधून सेकंदाला २४० चित्रांवर नोंद केली. वरचा भाग रेघेसारखा ताठ. खालचा मधोमध फुगून चातीच्या आकाराचा झालेला, दोन्ही टोकांना निमुळता, अर्धपारदर्शक. ६० चित्रांवर हे करू नका. ४३ चा कंप त्यात १७ चा दिसतो आणि माणूस भलत्याच भागाच्या मागे लागतो.

ताण वाढवून काय झालं

हा उपाय सगळ्यात आधी सुचवला जातो, म्हणून करून पाहिला. मॅन्युअलमधली वरची मर्यादा ओलांडली नाही, ११५० न्यूटनवर थांबलो. दोन्ही ॲडजस्टर सारखे फिरवले, बेल्ट मागच्या पुलीच्या कडेला घासत नाही ना ते चाक हाताने फिरवून पाहिलं. थरथर १०० वरून १०५ ला गेली, इतकंच. ताण शंभराने वाढवला, पण वेग वाढला की वाऱ्याचं ओझंही वाढतं आणि मिळवलेलं त्यातच जातं. यापुढे बेल्ट आवळत राहणं म्हणजे आगीतून फुफाट्यात: थरथर थोडी पुढे ढकलायची आणि गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग खाऊन टाकायचं. बेल्ट बदलायला अर्धा दिवस लागतो, ते बेअरिंग बदलायला अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो. मी ताण परत १०५० वर आणला.

ताण मोजताना गाडी चाकांवर उभी आहे की मागचं चाक अधांतरी, हे मॅन्युअलमध्ये बघाच. स्विंगआर्म वर-खाली झाला की दोन पुलींमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर आकडाही. शिवाय गाडी गार असताना मोजा. गरम झाल्यावर ॲल्युमिनियमची पुली फुगते आणि ताण जास्त दिसतो.

पुली

सूर बेल्टचा असला तरी छेडणारा हात पुलीचाच. गोल पुली मधोमध फिरत असेल तर दर फेरीला धक्का बसायचं कारण नाही. बेल्ट सैल करून बाजूला घेतला, चिमटा किंवा पीळ न देता. आतल्या धाग्यांना एकदा मोड पडला की बाहेरून काही दिसत नाही आणि बेल्ट पुढे कधीतरी तिथेच तुटतो. डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं माप) दातांच्या माथ्यावर टेकवून पुली हाताने हळू फिरवली. सुई एका फेऱ्यात ०.३ मिलिमीटर हलली. मागच्या पुलीला ती जागची हललीही नव्हती.

पुली काढल्यावर खरा दोष स्प्लाइनमध्ये, म्हणजे शाफ्ट आणि पुलीच्या एकमेकांत बसणाऱ्या दातेरी खाचांमध्ये, दिसला. दातांच्या बुंध्याशी विटकरी, तांबूस भुकटी, बोटाला मैद्यासारखी लागणारी. लोखंड लोखंडावर अगदी थोडं, सतत घासत राहिलं की अशीच भुकटी पडते. तो पाण्याचा गंज नव्हे. शाफ्टच्या स्प्लाइन ठीक होत्या. पुलीच्या आतल्या बाजूने मात्र कडा घासून गोल झाल्या होत्या, नखाला लागत होत्या. पुली शाफ्टवर किंचित एका अंगाला कलून बसत होती. नट सैल नव्हता, हेही सांगून ठेवतो. नट घट्ट आहे म्हणून पुली ठीक, असं गृहीत धरता येत नाही.

नवी पुली लावली, स्प्लाइन ब्रशने कोरड्या साफ केल्या, मॅन्युअलमध्ये दिलेली पेस्ट लावली, नवा नट, नेमलेला टॉर्क. डायल गेजची सुई आता ०.०५ च्या आत. फोनच्या आलेखात ४३ चा सुळका पूर्वीच्या साधारण चौथाईवर आला. १०० ला लक्ष देऊन बसलं तर फूटपेगमध्ये अजून कुजबुज जाणवते, सीटमध्ये काही नाही.

आता रोलरचं. ढिल्या बाजूला टेकणारा टेन्शनर रोलर बरेच जण लावतात आणि तो काम करतो, यात वाद नाही. ५७ सेंटिमीटरचा मोकळा भाग तो दोन तुकड्यांत तोडतो. मोठा तुकडा ३७ चा राहिला तर तोच ४३ चा सूर ६६ ला चढतो आणि हायवेच्या वेगात पुली तिथे पोचत नाही. पण पुली वाकडी असताना रोलर लावणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. थरथर थांबते, स्प्लाइन आत झिजतच राहतात आणि आता ते सांगणारंही कोणी उरत नाही. वर रोलरला स्वतःचं बेअरिंग असतं, ते बेल्टच्या पाठीवर सतत फिरतं आणि त्याचीही घरघर येते. पुली सरळ असूनही त्रास राहिला तरच मी तो लावेन.

उरलेली कामं: १५ हर्ट्झचा छोटा उंचवटा तसाच आहे आणि तो क्लच दाबल्यावरही जात नाही, म्हणजे तो टायरचा. डायल गेज आता रिमला आणि मग टायरच्या कडेला लावायचा आहे. पुढच्या सर्व्हिसला पुली पुन्हा काढून भुकटी पडतेय का बघेन. ज्यांच्या गाडीत थरथर नाही त्यांनीही एकदा गाडी उभी असताना खालचा भाग छेडून सूर, मोकळी लांबी आणि गेजवरचा ताण असे तीन आकडे इथे टाकावेत, म्हणजे कोणाची गाठ कुठल्या वेगाला पडणार ते आधीच काढता येईल.